इंजिनिअरिंग मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स: निवडीपासून प्रबंधापर्यंत

पंपाची क्षमता काढता येणं ही एक गोष्ट. नवा पंप घ्यावा की जुनाच आणखी दोन वर्षं रेटावा, हे ठरवणं दुसरी. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पंपाच्या आलेखात सापडत नाही. त्यात भांडवल येतं, बंद पडलेल्या उत्पादनाचं नुकसान येतं, देखभाल करणाऱ्यांचं कौशल्य येतं आणि पुरवठादार दिलेला शब्द पाळेल का, ही शंकाही येते. नोकरीत काही वर्षं मुरलेल्या इंजिनिअरच्या टेबलावर असलेच प्रश्न येऊ लागतात आणि पदवीत शिकलेलं तिथे अर्ध्यावर थांबतं.

ही तक्रार नवी नाही. १८८६ मध्ये हेन्री टाउन या अमेरिकन अभियंत्याने अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सपुढे एक निबंध वाचला. कारखाना चालवणं हे अभियांत्रिकीइतकंच महत्त्वाचं काम आहे, पण त्यातला अनुभव साठवून ठेवायला ना संस्था आहे ना नियतकालिक, असा त्याचा रोख होता. आज दोन्ही आहेत. आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संघटनेच्या इंजिनिअरिंग मॅनेजमेंटवरच्या नियतकालिकाची सुरुवात १९५४ मधली आणि अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग मॅनेजमेंट ही संस्था १९७९ मधली. जगभरच्या विद्यापीठांत या विषयाच्या पदव्युत्तर पदव्याही मिळतात. अडचण आता उलटी आहे: पर्याय इतके झालेत की माहितीपत्रकं वाचून डोकं भणभणतं.

अशा वेळी मी एकच कसोटी सुचवतो. हा अभ्यास संपल्यावर कोणता निर्णय माझ्यावर विश्वासाने सोपवला जावा असं मला वाटतं? विद्यापीठ, ऐच्छिक विषय, प्रबंध, पुढची नोकरी, सगळं याच प्रश्नावर घासून बघायचं.

पायरी १: आधी निर्णयांची यादी, मग विद्यापीठांची

गेल्या वर्षभरात तुमच्या कामाच्या ठिकाणी तुमच्या वरच्या पातळीवर झालेले दहा निर्णय कागदावर उतरवा. कोणता पुरवठादार निवडला, कोणता प्रकल्प थांबवला, रात्रपाळी का सुरू केली, सॉफ्टवेअर विकत का घेतलं आणि स्वतः का नाही बनवलं. प्रत्येकापुढे लिहा की तो मुळात कशाचा निर्णय होता: पैशाचा, वेळेचा, माणसांचा, दर्जाचा की तंत्रज्ञानाच्या निवडीचा. मग स्वतःला विचारा, यातले कोणते मला घ्यायला आवडले असते?

आवडलेले निर्णय बहुतेक सगळे तांत्रिक निघाले, म्हणजे कोणता मिश्रधातू वापरायचा किंवा कोणती नियंत्रणप्रणाली बसवायची असे, तर तुमच्या मूळ शाखेतलं एमटेक किंवा एमएस जास्त उपयोगी. बाजारपेठ, ब्रँड, भांडवल उभारणी यांकडे ओढा असेल, किंवा अभियांत्रिकीचं क्षेत्रच सोडायचं असेल, तर एमबीए. वेळापत्रकं, साठा, मार्ग, संभाव्यता यांतलं गणितच आवडत असेल तर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा ऑपरेशन्स रिसर्च. निर्णयाच्या मध्यभागी एखादं यंत्र, प्रणाली किंवा प्रकल्प आहे, पण तो घ्यायला पैसा, माणसं आणि काळ यांचा हिशोब लागतो, अशा जागी तुम्हाला बसायचं असेल तर इंजिनिअरिंग मॅनेजमेंट तुमच्यासाठी आहे.

पदवी संपली की लगेच जावं का? काही नामांकित अभ्यासक्रम नव्या पदवीधरांनाही घेतात. तरी माझं मत विचाराल तर दोन वर्षं काम करून जा. संस्थात्मक वर्तनाच्या तासाला 'अधिकार आणि जबाबदारी यांतली तफावत' यावर चर्चा सुरू होते, तेव्हा ज्याने ती सोसली आहे तोच बोलू शकतो. बाकीचे टिपणं घेतात.

पायरी २: नावाकडे नाही, विषयांच्या यादीकडे बघा

एकच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी शिकवली जाते. अमेरिकेत मास्टर ऑफ इंजिनिअरिंग मॅनेजमेंट हे नाव रूढ आहे. ड्यूक आणि डार्टमथ ही त्याची ओळखीची ठिकाणं. डार्टमथचा अभ्यासक्रम थेयर ही अभियांत्रिकी शाळा आणि टक ही व्यवस्थापन शाळा मिळून चालवतात. एमआयटीमध्ये सिस्टिम डिझाइन अँड मॅनेजमेंट आहे, तोही अभियांत्रिकी विभाग आणि स्लोन ही व्यवस्थापन शाळा यांचा एकत्रित, आणि तो अनुभवी लोकांसाठी आखलेला. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या डब्ल्यूएमजी विभागात इंजिनिअरिंग बिझनेस मॅनेजमेंट या नावाने एमएससी मिळते. केंब्रिजच्या इन्स्टिट्यूट फॉर मॅन्युफॅक्चरिंगमधल्या एमफिलमध्ये विद्यार्थी कंपन्यांत जाऊन छोटे प्रकल्प करतात. जर्मनीत याच्या जवळचा विषय 'विर्टशाफ्ट्सइंजेनिअरवेझन' म्हणून शिकवला जातो आणि तिथे त्याला जुनी परंपरा आहे. तेव्हा शोध घेताना एकाच नावावर अडून राहिलात तर निम्मे पर्याय दिसणारच नाहीत.

यादी हातात आली की अनिवार्य विषय वेगळे काढा. त्यात वित्त किंवा अभियांत्रिकी अर्थशास्त्र, प्रकल्प व्यवस्थापन, सांख्यिकीवर आधारलेला निर्णयशास्त्राचा किंवा ऑपरेशन्सचा विषय आणि माणसांशी संबंधित किमान एक विषय, हे चार खांब दिसलेच पाहिजेत. चारांपैकी दोन ऐच्छिकात ढकललेले असतील तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी पदवीचा उरलासुरला भाग गोळा करून केलेला अभ्यासक्रम असण्याची शक्यता धरा. मग शिकवणारे कोण ते बघा. प्रकल्प व्यवस्थापन शिकवणाऱ्याने कधी प्रकल्प चालवला आहे का? वित्ताचा विषय वाणिज्य विभागातून येतो की अभियांत्रिकीचे प्राध्यापक तो सवडीने घेतात? शेवटी, मागच्या दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध किंवा कॅपस्टोन प्रकल्प (पदवीच्या शेवटी करायचा मोठा प्रकल्प) यांची शीर्षकं मिळवा. ती माहितीपत्रकापेक्षा जास्त खरं बोलतात. 'एका कंपनीतल्या पुरवठा साखळीचा अभ्यास' अशीच शीर्षकं ओळीने दिसली तर समजायचं काय ते समजा.

आता तासांचा हिशोब, जो बहुतेक जण करतच नाहीत. युरोपात क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप, ईसीटीएस या एककात मोजतात. एका ईसीटीएसला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे ९० ईसीटीएसची पदवी ही किमान २,२५० तासांची. ब्रिटनमध्ये एमएससी साधारण १८० क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटला १० तास धरतात, म्हणजे १,८०० तास. अमेरिकेत बहुधा ३० ते ३६ क्रेडिट असतात, पण तिथलं क्रेडिट वर्गातल्या तासांवर मोजलं जातं. गृहपाठ त्याच्या साधारण दुप्पट धरावा. नोकरी करत आठवड्याला प्रामाणिकपणे १२ तास काढता येत असतील, तर १,८०० तासांना १५० आठवडे लागतात, म्हणजे जवळपास तीन वर्षं. 'अर्धवेळ, दोन वर्षांत पूर्ण' असं लिहिलेलं वाचताना हा भागाकार करून बघा आणि तुमच्या आठवड्यात तेवढे तास खरंच आहेत का ते तपासा.

मान्यतेबद्दल थोडक्यात. व्यवस्थापन शाळांसाठी एएसीएसबी आणि इक्विस, अभियांत्रिकी व तंत्रशिक्षणासाठी एबेट ही मोठी नावं आहेत. १९८९ चा वॉशिंग्टन करार हा अभियांत्रिकीच्या पहिल्या व्यावसायिक पदवीच्या परस्पर मान्यतेबद्दल आहे. त्यामुळे आपल्या मूळ पदवीला मान्यता नसेल तर इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची मास्टर्स करून व्यावसायिक परवान्याचा रस्ता आपोआप मोकळा होईल, असं गृहीत धरू नका. ज्या देशात परवाना हवा, तिथल्या परिषदेचे नियम आधी वाचा.

पायरी ३: अर्ज

प्रवेशपरीक्षांवर फार वेळ घालवू नये असं माझं मत. बरेच अभ्यासक्रम जीआरई किंवा जीमॅट ऐच्छिक ठेवतात, अनुभव असल्यास माफही करतात. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई दोन तासांच्या आत संपते. जीमॅटची नवी आवृत्ती सव्वादोन तासांची आहे आणि तिचे गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात, आयईएलटीएस आणि टोफेलचे मात्र दोनच वर्षं. म्हणून भाषेची परीक्षा अर्जाच्या हंगामाजवळ द्या, दुसरी आधी उरकलीत तरी चालेल.

खरा वेळ द्यायचा तो स्टेटमेंट ऑफ पर्पजला, म्हणजे हा अभ्यास का करायचा ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या लेखाला. इंजिनिअर तिथे हमखास घसरतात. 'लहानपणापासून मला यंत्रांची आवड होती' इथून सुरुवात होते, मग पदवीतले गुण, मग केलेल्या कामांची यादी आणि शेवटी विद्यापीठाची स्तुती. वाचणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. त्याऐवजी पायरी १ मधल्या यादीतला एक निर्णय उचला. परिस्थिती काय होती, पर्याय कोणते होते, काय ठरलं, त्यात तुमचा वाटा काय होता आणि तो निर्णय नीट तोलायला तुमच्याकडे कोणतं ज्ञान कमी पडलं, हे दोन परिच्छेदांत लिहा. ते कमी पडलेलं ज्ञान त्या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयात मिळेल, हे विषयाच्या नावानिशी तिसऱ्या परिच्छेदात. चौथ्यात पुढची दिशा. हा मजकूर दुसऱ्या विद्यापीठाचं नाव घालून जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो अजून कच्चा आहे.

शिफारसपत्रासाठी मोठ्या हुद्द्यापेक्षा जवळून काम बघितलेला माणूस बरा. दोन पत्रं लागत असतील तर एक प्राध्यापकांचं आणि एक थेट वरिष्ठांचं घ्या. त्यांना तुमच्या कामाचे दोन-तीन ठोस प्रसंग एका पानावर लिहून द्या. पत्र त्यांनीच लिहावं, पण आठवणीची सोय आपण करून द्यावी. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी विचारा.

बायोडेटात 'प्रकल्पावर काम केलं' असं लिहू नका. किती माणसांबरोबर, किती कालावधीत, काय बदललं, ते आकड्यांत लिहा.

पायरी ४: वर्ग सुरू होण्याआधीचे तीन महिने

कॅल्क्युलस उगाळत बसू नका, ते फारसं लागत नाही. सांख्यिकी लागते: वितरणं, विश्वास-अंतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल), गृहीतक चाचणी (हायपोथेसिस टेस्टिंग), रेषीय प्रतिगमन (लिनिअर रिग्रेशन). सूत्रं पाठ असण्यापेक्षा 'हा फरक खरा आहे की नुसता योगायोग' हे साध्या शब्दांत सांगता यायला हवं.

स्प्रेडशीटवर हात बसवा. पिव्होट टेबल, शोध-सूत्रं, गोल सीक, सॉल्व्हर एवढं यायला हवं. गृहीतकं एका पानावर आणि गणित दुसऱ्या पानावर ठेवण्याची सवयही आत्ताच लावा. पायथॉन किंवा आर यांपैकी एखादी प्रोग्रॅमिंग भाषा येत असेल तर उत्तम, पण स्प्रेडशीट कच्ची ठेवून तिकडे पळू नका. तुमचं गणित ज्याच्यापुढे जाणार आहे तो वित्त विभागातला माणूस ते स्प्रेडशीटमध्येच उघडणार आहे.

आणि एखाद्या ओळखीच्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन बसा. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह पत्रक ही तीन पानं शोधा. नफा झाला असूनही रोकड कमी का झाली, याचं उत्तर त्या तीन पानांवरून काढता आलं की वित्ताच्या विषयाची अर्धी धास्ती गेली.

पायरी ५: एकेक विषय कसा पचवायचा

पदवीत बरोबर उत्तर काढायची सवय लागलेली असते. इथे उत्तर आकड्याने सुरू होतं, संपतं ते बचावाने: हे गृहीतक का धरलं, ते चुकलं तर काय, कोणाला काय सांगायचं. पुढचे सगळे विषय याच नजरेने शिका.

अभियांत्रिकी अर्थशास्त्रापासून सुरुवात करू. समजा एका यंत्रावर आज १,००० एकक रक्कम गुंतवायची आहे आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी २८० एकक बचत होणार आहे. एकूण १,४००, म्हणजे फायदाच, असं वरवर दिसतं. डिस्काउंट रेट, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढायचा वार्षिक दर, १० टक्के धरला तर त्या पाच बचतींचं आजचं मूल्य सुमारे १,०६१ येतं. त्यातून गुंतवणूक वजा केली की निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ६१, प्रस्ताव पास. दर १४ टक्के धरा, तेच मूल्य सुमारे ९६१ वर येतं आणि प्रस्ताव ३९ ने तोट्यात जातो. यंत्र तेच, बचत तीच. मग सभेत वाद कशावर व्हायला हवा? बचतीच्या आकड्यावर आणि दरावर. विद्यार्थी मात्र सूत्र बरोबर लावल्याच्या समाधानात पान उलटतात. प्रत्येक गणित सुटल्यावर आणखी एक ओळ लिहायची सवय ठेवा: 'हा निर्णय उलटायला कोणता आकडा किती हलावा लागेल?' वरच्या उदाहरणात तो दर १२ ते १३ टक्क्यांच्या मध्ये आहे. परीक्षेत ही ओळ कोणी मागत नाही. नोकरीत पहिला प्रश्न हाच येतो.

प्रकल्प व्यवस्थापनाची साधनं शीतयुद्धाच्या काळातली. प्रकल्पाची मुदत कोणत्या कामांच्या साखळीवर ठरते ते शोधणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँट कंपनीत घडली आणि पर्ट ही तिच्यासारखीच पद्धत १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र कार्यक्रमात. सॉफ्टवेअर हे सगळं क्षणात काढून देतं, म्हणूनच पंधरा-वीस कामांचं एक जाळं तरी हाताने सोडवा. कोणत्या कामाला सवड आहे आणि कोणत्याला अजिबात नाही, हे हाताने काढल्याशिवाय अंगात उतरत नाही.

अर्न्ड व्हॅल्यूचंही, म्हणजे झालेल्या कामाची किंमत योजनेशी आणि खर्चाशी ताडून बघण्याच्या पद्धतीचंही, तसंच. एकूण अंदाजपत्रक ४००. आजपर्यंत १०० चं काम व्हायला हवं होतं, झालं ८० चं, खर्च झाला ९०. वेळेचा निर्देशांक (८० भागिले १००) ०.८०, खर्चाचा (८० भागिले ९०) सुमारे ०.८९. याच वेगाने खर्च होत राहिला तर प्रकल्प ४०० ऐवजी ४५० वर संपेल. आता विचार करा: 'झालेलं काम ८०' हा आकडा कोणी दिला? कंत्राटदाराने, साइट इंजिनिअरने की बिलांवरून काढला? सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं आहे आणि नेमका तोच सगळ्यात कमी तपासला जातो. या विषयाच्या गृहपाठात सूत्रांखाली मोजणीची पद्धत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे प्राध्यापकांचं लगेच लक्ष जातं.

ऑपरेशन्समध्ये एक नियम सगळ्यात आधी आत्मसात करा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: प्रणालीत असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा सरासरी दर गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. विभागात मंजुरीसाठी ६० ड्रॉइंगं पडून आहेत आणि आठवड्याला १२ निघतात, तर आज आलेलं ड्रॉइंग साधारण पाच आठवड्यांनी बाहेर पडेल. कोणी कितीही तातडीचा शिक्का मारो, सरासरी हलत नाही. तातडीचं पुढे गेलं की बाकीचं मागे सरतं. वॉल्टर शूहार्ट यांचा १९२४ चा कंट्रोल चार्टही असाच रोजच्या कामाचा. प्रक्रियेतली नेहमीची थरथर आणि खरोखरची गडबड वेगळी ओळखायला तो शिकवतो. एका आठवड्याचा आकडा खाली गेला म्हणून माणसाला बोल लावणारे व्यवस्थापक हा चार्ट विसरलेले असतात.

रेषीय प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे बंधनं पाळून मर्यादित साधनं सगळ्यात फायद्याची कशी वाटायची याचं, गणित जॉर्ज डँट्झिग यांच्या १९४७ च्या सिम्प्लेक्स पद्धतीने सुटतं, पण ते हाताने चार-पाच वेळा सोडवलंत तरी पुरे. पुढचा वेळ शॅडो प्राइस समजून घेण्यात घाला. एखादं बंधन एका एककाने सैल केलं तर किती मिळेल, हे तो आकडा सांगतो. जादा पाळी लावायची की नाही, याला यापेक्षा नेमकं उत्तर क्वचितच मिळतं.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग आणि तंत्रज्ञान व्यवस्थापन या विषयांत शब्द फार, व्याख्या फार. नासाने रूढ केलेली तंत्रसिद्धतेची, म्हणजे तंत्रज्ञान प्रत्यक्ष वापराला किती तयार आहे हे सांगणारी, १ ते ९ पायऱ्यांची मोजपट्टी मात्र नीट शिका. प्रयोगशाळेत चाललेलं प्रत्यक्षात चालेलच असं गृहीत धरून केलेले करार कसे फसतात, ते तिच्यामुळे बोलता येतं.

राहिला माणसांचा विषय. इंजिनिअर त्याला सोपा समजून शेवटच्या रात्री वाचतात आणि गुणही बरे मिळवतात, तिथेच फसगत होते. तो शिकायची माझी पद्धत अशी: दर आठवड्याला शिकलेली एक संकल्पना घ्या आणि कामावर बघितलेल्या एका प्रसंगाला लावून अर्धं पान लिहा. नुसतं 'प्रेरणेचा अभाव होता' असं नाही. कोणाला कशाचं बक्षीस मिळत होतं, कोणाची माहिती कोणापर्यंत पोचत नव्हती, कोण का गप्प राहिलं, हे सगळं त्यात यावं. सेमिस्टर संपताना ही वही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची होते. नावं मात्र लिहू नका, वह्या हरवतात.

पायरी ६: केस आणि गट

केस स्टडी, म्हणजे एखाद्या संस्थेपुढच्या निर्णयाची वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेली हकीगत, वाचायला बसाल तेव्हा कादंबरीसारखी पहिल्या ओळीपासून वाचू नका. पहिलं पान, शेवटचं पान आणि तक्ते आधी बघा. कोणाला, कधीपर्यंत, काय ठरवायचं आहे, ते एका ओळीत लिहा. मग सगळी केस त्या ओळीसाठी वाचा. वर्गात जाताना एक शिफारस, तिच्या बाजूचे दोन पुरावे आणि तिच्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊन जा. विरोधातला मुद्दा आपणच मांडला की चर्चेला धार येते आणि बोलायची भीतीही कमी होते.

गटकामाचा त्रास सगळ्यांनाच होतो. काम न करणारा एक आणि सगळं स्वतःवर ओढून घेणारा एक, ही जोडी प्रत्येक गटात भेटते. पहिल्याच बैठकीत एका पानावर ठरवा: निर्णय कसे घ्यायचे, मजकुराची अंतिम प्रत कोणाकडे, मुदत पाळता आली नाही तर किती आधी कळवायचं. दर बैठकीनंतर तीन ओळींचं टिपण सगळ्यांना पाठवा. पुढे वाद झाला तर प्राध्यापक आठवणींवर विश्वास ठेवत नाहीत, टिपणं बघतात.

लेखनाला एआयची साधनं वापरायची असतील तर आधी विद्यापीठाचा नियम वाचा. तो विषयागणिक वेगळा असू शकतो. त्यांनी दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय प्रबंधात घालू नका. अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध ती बिनदिक्कत पुढे करतात.

पायरी ७: प्रबंध किंवा कॅपस्टोन

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, आणि तो बहुधा प्रश्न फार मोठा घेतल्यामुळे. 'आमच्या कंपनीतले प्रकल्प उशिरा का होतात' हा प्रबंधाचा विषय नाही, ती तक्रार आहे. तिला चिमटीत पकडा: 'डिझाइन मंजुरीच्या टप्प्यावर बदलाच्या विनंत्या किती काळ थांबतात आणि कोणत्या प्रकारच्या विनंत्या जास्त थांबतात?' आता मोजायला काहीतरी आहे. विनंती आल्याची तारीख, मंजुरीची तारीख, प्रकार, विभाग. बदल-नोंदींचं रजिस्टर मिळालं की कामाला लागता येतं.

विषय नक्की करण्याआधी विदा (डेटा) मिळणार का, ते लेखी विचारा. तोंडी 'हो, देऊ' वर विसंबून आराखडा मंजूर करून घेऊ नका. परवानगी देणारा माणूस बदली होऊन जातो आणि नवा माणूस गोपनीयतेचा मुद्दा काढतो. कंपनीचं नाव झाकायचं का, आकडे निर्देशांकात बदलायचे का, प्रबंध ग्रंथालयात खुला राहील का, हे त्याच पत्रात ठरवा. मुलाखती किंवा प्रश्नावली असेल तर विद्यापीठाच्या नैतिक समितीची मंजुरी लागते आणि तिला अनेकदा काही आठवडे जातात. मंजुरीआधी घेतलेल्या मुलाखती वापरता येत नाहीत.

साहित्याचा आढावा म्हणजे वाचलेल्या निबंधांची ओळीने हजेरी नव्हे. एक तक्ता करा: निबंध, त्यांचा प्रश्न, पद्धत, निष्कर्ष, आणि तुमच्या प्रश्नाशी संबंध. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर तो निबंध कितीही गाजलेला असो, बाहेर ठेवा. पंचवीस-तीस निबंधांनंतर हाच तक्ता सांगतो की कोणी काय तपासलेलं नाही. तिथे तुमची जागा.

लिहिण्याचा क्रमही उलटा ठेवा. पद्धतीचं प्रकरण सगळ्यात आधी, ती अजून ताजी असताना. मग निष्कर्ष, मग आढावा आणि प्रस्तावना शेवटी. मार्गदर्शकाला भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. आदल्या दिवशी एक पान पाठवा: काय झालं, कुठे अडलं, कोणत्या दोन गोष्टींवर मत हवं. 'काय करू?' या प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. 'अ करू की ब, मला अ वाटतं कारण असं' याला कामाचं मिळतं.

शिफारशींचं प्रकरण बहुतेकांचं ढिलं असतं: 'संवाद सुधारावा', 'प्रशिक्षण द्यावं'. तुमच्या प्रत्येक शिफारशीपुढे चार गोष्टी हव्यात: कोणी करायची, किती खर्च, कधीपर्यंत, आणि ती लागू पडली हे कशावरून कळेल. हे लिहिता येत नसेल तर ती शिफारस काढून टाका. तीन पक्क्या शिफारशी बारा मोघम शिफारशींपेक्षा कधीही वजनदार.

पायरी ८: नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी

वरिष्ठांशी आधीच बोला आणि सुट्ट्यांपेक्षा प्रश्न मागा: 'माझ्या प्रबंधासाठी विभागाचा एखादा खरा प्रश्न द्या.' कंपनीला त्यातून काही मिळणार असेल तर परवानग्या सोप्या जातात. कंपनी फी भरणार असेल तर बाँडची मुदत, मधेच सोडल्यास परतफेड आणि नापास झाल्यास काय, ही तीन कलमं सही करण्याआधी वाचा.

अभ्यासाचे तास रोज थोडे-थोडे वाटण्यापेक्षा दोन लांब बैठका आणि तीन छोट्या, अशी विभागणी बऱ्याच जणांना झेपते. लांब बैठकीत गणितं आणि लेखन, छोट्यांत वाचन. प्रकल्प हस्तांतराचा किंवा वार्षिक शटडाउनचा काळ ज्या सेमिस्टरमध्ये येतो, त्यात एक विषय कमी घ्या. पदवी सहा महिने लांबली तर कोणी विचारत नाही, नापासाचा शेरा मात्र गुणपत्रिकेवर राहतो.

पायरी ९: प्रमाणपत्रं आणि पुढची नोकरी

१९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं पीएमपी हे सगळ्यात ओळखीचं प्रमाणपत्र. त्याला प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो, म्हणून नव्या पदवीधराने त्याची घाई करू नये. अमेरिकन सोसायटी फॉर इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची दोन प्रमाणपत्रं आहेत, एक सुरुवातीच्या टप्प्यावरच्यांसाठी आणि एक अनुभवी लोकांसाठी. पदवीच्या ऐन धबडग्यात यांपैकी कशाच्याही मागे लागू नका. ज्या जाहिरातींना तुम्ही अर्ज करणार आहात त्या वीस जाहिराती वाचा, त्यांत जे प्रमाणपत्र वारंवार दिसतं तेवढंच घ्या.

जाहिरातींत 'इंजिनिअरिंग मॅनेजर' हा हुद्दा शोधून निराश होऊ नका; तो बहुतेक वेळा आतल्या माणसाला बढतीने मिळतो. मास्टर्सनंतर दारं उघडतात ती प्रकल्प नियोजक, ऑपरेशन्स विश्लेषक, पुरवठा साखळी नियोजक, प्रॉडक्ट मॅनेजर, तंत्रज्ञान सल्लागार, गुणवत्ता किंवा प्रक्रिया सुधारणा अशा नावांची. मुलाखतीला प्रबंधाचं बाड नेऊ नका. त्याचा एका पानाचा सारांश न्या: निर्णय कोणता होता, पर्याय कोणते, आकडे काय म्हणत होते, शिफारस काय केली आणि पुढे तिचं काय झालं. समोरचा माणूस मधल्या कुठल्या तरी आकड्यावर बोट ठेवून 'हा कुठून आला?' असं विचारेल. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्या पानावरचा प्रत्येक आकडा कुठल्या नोंदीतून आला, हे एकदा तपासून ठेवा.